जानेवारीत कमाई घसरली, म्हणून सहा नवे उद्योग काढू का?

पत्र:

ताई, मी नोकरी करते आणि चारेक वर्षांपासून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एक वेबसाइट चालवते, एक्सेल आणि गूगल शीट्स शिकवणारी. जोडीला छोटं यूट्यूब चॅनल आहे. कमाईतले साधारण ८० टक्के वेबसाइटवरच्या जाहिरातींचे, १५ टक्के अफिलिएट लिंकचे (माझ्या लिंकवरून कोणी काही घेतलं की मिळणारं कमिशन), उरलेले यूट्यूबचे. आठवड्याला सात-आठ तास मिळतात, त्याहून जास्त नाही. डिसेंबर मस्त गेला आणि जानेवारीत कमाई डिसेंबरच्या जेमतेम ६० टक्क्यांवर आली, तेव्हापासून धड झोप नाही. जो भेटतो तो म्हणतो एकावर विसंबून राहू नकोस, इन्कमचे मार्ग वाढव. माझ्या यादीत आत्ता कोर्स, विकायची टेम्प्लेट्स (म्हणजे तयार शीट), पेड मेंबरशिप, न्यूजलेटर, इन्स्टाग्राम आणि एक्सेलचे जोक छापलेले टी-शर्ट एवढं सगळं आहे. आत्ताच सुरू करू की थांबू? आणि नोकरी कधीतरी सोडायची आहे, ती कधी सोडू?
– सेल रेफरन्स हरवलेली

उत्तर:

टी-शर्टचा विषय आधी संपवते कारण तो लगेच संपतो. टी-शर्ट काढू नकोस. तुझ्या साइटवर येणारा माणूस कुठेतरी अडकलेला असतो, फॉर्म्युला चालत नसतो, दहा मिनिटांत शीट पाठवायची असते, त्याला उत्तर हवंय आणि उत्तर मिळालं की तो टॅब बंद करून जाणार, विनोद वाचायला थांबणार नाही. टी-शर्ट त्यांचे विकले जातात ज्यांच्यावर लोकांचा जीव असतो, तुझ्यावर सध्या लोकांचा फक्त भरवसा आहे, आणि खरं सांगू का, धंद्याला भरवसा जास्त कामाचा.

आता जानेवारी. जाहिरातीवर चालणाऱ्या बहुतेक साइटींचा जानेवारी असाच जातो गं. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जाहिरातदारांचा हात सैल असतो, सुट्ट्यांची खरेदी असते, वर्षाचं उरलेलं बजेट संपवायचं असतं, त्यामुळे तुझ्या पानावरच्या त्याच चौकोनासाठी बोली वर जाते, आणि नवीन वर्ष लागलं की नवं बजेट, सगळे सावध, बोली धाडकन खाली. तू डिसेंबरशी तुलना केलीस तिथेच झोप गेली. तुलना करायची ती मागच्या जानेवारीशी. एक्सेल शिकवणाऱ्या बाईला हे मी सांगायचं म्हणजे जरा गंमतच आहे, पण घाबरलेला माणूस स्वतःचंच शिकवलेलं विसरतो.

जाहिरातीची कमाई म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार, किती पानं पाहिली गेली आणि दर हजार पानांमागे किती मिळाले, म्हणजे तुझा आरपीएम. हे दोन आकडे वेगवेगळे बघ, एकत्र बघू नकोस. पानं तेवढीच आणि आरपीएम पडला, तर तो ऋतू आहे, मार्चपर्यंत बराचसा सावरेल, त्यावर औषध करायची गरज नाही. पानंच कमी झाली असतील तर सर्च कन्सोल उघड, म्हणजे साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो, म्हणजे मागच्या वर्षीचा हाच महिना शेजारी ठेवून बघता येतो. तिथे पण दोन गोष्टी वेगळ्या कर. तुझी पानं शोधात दिसतच कमी आहेत, म्हणजे इम्प्रेशन घटलेत, तर एकतर लोक ते शोधत नाहीयेत किंवा तुझा नंबर खाली गेलाय. आणि पानं दिसतायत तेवढीच, नंबरही तोच, पण क्लिक कमी, तर मात्र जरा नीट बस, कारण हे जानेवारीचं काम नाही.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडं जास्त बोलते कारण तुझा विषय नेमका त्याच्या तोंडावर आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि २०२४च्या मे महिन्यापासून गूगलने शोधाच्या पानावर वरतीच एआयने लिहिलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली, आधी अमेरिकेत, मग इतर देशांत. व्हीलुकअप फॉर्म्युला एरर का देतो, दोन तारखांमधले कामाचे दिवस कसे मोजायचे, असल्या प्रश्नांचं उत्तर दोन ओळींचं असतं, ते वरच मिळालं की खाली तुझ्या पानावर कोण येणार. त्यामुळे तुझी पानं दोन गठ्ठ्यांत वाटून बघ. एका गठ्ठ्यात दोन ओळींत संपणारी उत्तरं, दुसऱ्यात अशी पानं जिथे माणसाला काहीतरी तयार करून हवं असतं, घरखर्चाची शीट, स्टॉकचा हिशेब, प्रोजेक्टचा तक्ता, किंवा जिथे एखादी गुंतागुंतीची शीट पायरी पायरीने उभी करून दाखवलीस. माझा अंदाज आहे पहिल्या गठ्ठ्याचे क्लिक उतरत असतील आणि दुसरा गठ्ठा बरा टिकून असेल. तसं असेल तर पुढे काय विकायचं याचं अर्धं उत्तर तुला तिथेच मिळालं, पण त्याकडे नंतर येते.

आता तुझा मुख्य प्रश्न. तू लिहिलंयस की तुझ्या कमाईचे तीन मार्ग आहेत, जाहिरात, अफिलिएट, यूट्यूब. मला तो एक आणि पाव मार्ग दिसतो. जाहिरात बघणारा आणि लिंकवर क्लिक करणारा माणूस एकच आहे, आणि तो बहुतेक करून गूगलवरून येतोय (तू आकडा दिला नाहीस, पण अशा साइटींचं बहुधा तसंच असतं). घराला दारं कितीही असली तरी वर यायचा जिना एकच असेल तर जिना कोसळला की सगळी दारं सारखीच निरुपयोगी. आणि याच हिशेबाने बघ, तुझ्या यादीतला कोर्स, तुझी टेम्प्लेट्स, तुझी मेंबरशिप, हे सगळं तू त्याच साइटवर त्याच लोकांना विकणार असशील तर कागदावर सहा मार्ग होतील पण तुटायची जागा एकच राहील. लोक मार्ग मोजतात, मोजायचं असतं ते हे, की काय बिघडलं तर काय काय एकदम बंद पडतं.

आणि बिघडायचे प्रकार बरेच आहेत बरं का, फक्त गूगलचा नंबर पडणं हा एकच नाही. तो तर आहेच, २०११च्या फेब्रुवारीत पांडा नावाचा बदल आला तेव्हा भरताड लेखांवर चालणाऱ्या साइटी एका झटक्यात खाली गेल्या, आणि सप्टेंबर २०२३च्या हेल्पफुल कंटेंट बदलानंतर कितीतरी छोट्या, एकट्या माणसाने चालवलेल्या साइटींची तीच गत झाली, त्यातल्या काही चांगल्या होत्या. पण नंबर जागच्या जागी असताना दरसुद्धा पडतो. अॅमेझॉनने एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या अफिलिएट कार्यक्रमात फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. ज्यांचं सगळं त्यावर होतं त्यांची वाचकसंख्या तीच, मेहनत तीच, कमाई निम्म्याहून कमी. कधी पात्रतेची रेघच वर सरकते, यूट्यूबने जानेवारी २०१८मध्ये जाहिरातीच्या पैशांसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असलं पाहिजे असा नियम काढला आणि आधी पैसे मिळवणारी हजारो छोटी चॅनल बाहेर पडली. कधी फी वाढते, एट्सी या ऑनलाइन बाजाराने एप्रिल २०२२मध्ये विक्रीवरची फी ५ वरून ६.५ टक्के केली. आणि कधी दुकानच बंद होतं, ट्विटरची रिव्ह्यू नावाची न्यूजलेटर सेवा जानेवारी २०२३मध्ये गुंडाळली, ज्यांनी आपली यादी वेळेत उतरवून घेतली त्यांनी ती दुसरीकडे नेली, ज्यांनी नाही घेतली त्यांची गेली.

हे घाबरवायला सांगत नाहीये, आधीच तुझी झोप गेलीये. सांगायचंय ते हे की एक शीट बनव. प्रत्येक कमाईसाठी एक ओळ. पहिल्या कॉलममध्ये कमाईचं नाव, मग हा माणूस माझ्यापर्यंत कुठून येतो, मग दर कोण ठरवतं, मग पैसे कोण देतं आणि किती दिवसांनी, आणि शेवटी माझे महिन्याचे किती तास जातात. आता दुसऱ्या कॉलमवर सॉर्ट कर, मग तिसऱ्यावर. एकच नाव किती ओळींत येतंय आणि त्या ओळींची बेरीज एकूण कमाईच्या किती टक्के आहे, तो तुझा खरा आकडा. नवीन काही सुरू करायचा विचार आला की आधी त्या शीटमध्ये त्याची ओळ भरून बघायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये नवीन नाव येत नसेल तर त्याने कमाई वाढेल कदाचित, पण धोका कमी होणार नाही. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, फक्त एकीला दुसरी समजू नये.

बरं, आणि त्या शीटमध्ये तू एक ओळ विसरणार हे मला माहितीये, तुझा पगार. तुझ्या घरात दर महिन्याला येणारा, गूगलशी काहीही संबंध नसलेला, ठरल्या तारखेला जमा होणारा पैसा. ज्यांचं पोट साइटवर आहे त्यांना दुसरा आधार उद्याच्या उद्या हवा असतो, तुला तसा नकोय. तुझ्याकडे तो आहेच. म्हणून जो भेटतो तो तुला जो सल्ला देतोय तो बहुतेक दुसऱ्याच माणसासाठीचा आहे. तुला घाई नाही, आणि घाई नसणं हा तुझा सगळ्यात मोठा फायदा आहे, तो घाबरून घालवू नकोस. तुझ्याकडे कमी आहेत ते तास.

तासांचा हिशेब लोक चुकीचा करतात. विचारतात, हे बनवायला किती वेळ लागेल. विचारायला हवं, बनवल्यावर दर आठवड्याला किती वेळ खाईल. कोर्स बनवला की ईमेल येतात, व्हिडिओ चालत नाही, मॅकवर हे बटण कुठे आहे, पैसे परत द्या. मेंबरशिप घेतली की दर महिन्याला काहीतरी नवीन देणं लागतं, तू आजारी असलीस तरी, ऑफिसात वर्षअखेरीचं काम असलं तरी. आठ तासांतून सध्या साइटलाच सहा जात असतील तर उरलेल्या दोनात फक्त एकच गोष्ट मावते, तीसुद्धा शांत स्वभावाची.

मग कधी सुरू करायचं? माझ्या मते तीन गोष्टी जुळल्या की. पहिली म्हणजे मुख्य काम तुझ्या निम्म्या वेळात व्हायला लागलंय आणि तरी दोन-तीन महिने काही पडलं नाहीये. दुसरी म्हणजे मुख्य कामात घातलेला पुढचा तास आधीइतका देत नाहीये. हे बघायला एकूण कमाई भागिले एकूण लेख करू नकोस, जुने लेख वर्षानुवर्षं कमावतायत आणि ते सरासरी गोड करून दाखवतात, त्याऐवजी मागच्या सहा महिन्यांत लिहिलेल्या लेखांनी किती आणले आणि त्याच्या आदल्या वर्षी तेवढ्याच वेळात नवीन लेखांनी किती आणले होते ते बघ. नवीन लेख अजून जोरात चालत असतील तर लेखच लिही, दुसरं काही सुरू करणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं आहे. तिसरी गोष्ट म्हणजे लोक स्वतःहून काहीतरी मागतायत. एकाने मागून उपयोग नाही, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या शब्दांत, एकच. "ही शीट तयार मिळेल का", "माझ्या टीमसाठी थोडी बदलून द्याल का", असं काही तुझ्या इनबॉक्समध्ये असेल तर ते शोधून काढ, त्याहून चांगला सर्व्हे तुला कोणी करून देणार नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी या तिन्हींची वाट न बघता आत्ता सुरू करायची, न्यूजलेटर. तुझ्या यादीत ते चौथं आहे, मी पहिलं ठेवते, आणि त्यातून वर्षभर एक पैसाही मिळणार नाही असं धरून चाल. कारण असं आहे की कोर्स काय किंवा टेम्प्लेट काय, साइट पडल्यावरही बनवता येतं, पण लोकांचे ईमेल पत्ते साइट पडल्यावर गोळा करता येत नाहीत, तेव्हा द्यायला माणसंच येत नसतात. आज येणारा प्रत्येक वाचक असाच निघून जातोय. म्हणून जी पानं सगळ्यात जास्त चालतात त्यातल्या चार-पाचांवर, त्या पानाच्या विषयाशीच नातं असलेली एक शीट ठेव, ईमेल दिला की मिळेल अशी. "आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा" असं लिहिलेल्या चौकटीत कोणी ईमेल देत नाही, मी पण देत नाही. महिन्यातून एक पत्र, एका कामाच्या युक्तीचं, बास. यादी तुझ्या स्वतःच्या डोमेनवरून पाठव आणि दर महिन्याला तिची सीएसव्ही (शीटमध्ये उघडता येणारी साधी फाइल) उतरवून ठेव, रिव्ह्यूचं काय झालं ते वर सांगितलंच. नको असेल त्याला एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे, २०२४पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांवर तशी सक्तीच करतायत, आणि सक्ती नसती तरी ते बरंच असतं, ज्याला नकोय त्याला धरून ठेवून काय मिळणार.

टेम्प्लेट्स दुसरी. वर दोन गठ्ठे करायला सांगितले ना, त्यातला दुसरा गठ्ठा म्हणजे तुझं दुकान आहे. ज्या पानावर लोक शीट कशी बनवायची ते शिकायला येतात, तिथल्या काहींना शिकायचं नसतंच, त्यांना तयार हवी असते. पण दहा टेम्प्लेट्सचं दुकान उघडू नकोस. एकच. ज्या पानाला सगळ्यात जास्त लोक येतात तिथलीच. फुकटची साधी आवृत्ती राहू दे, तिच्यावर ईमेल येत राहतील, आणि विकायची आवृत्ती अशी कर की जिच्यात खरंच कामाचे तास वाचतात. बनवायच्या आधीसुद्धा एक करता येतं, पानावर "पूर्ण आवृत्ती हवी आहे" असं बटण लाव, दाबलं की सरळ सांग अजून तयार नाहीये, झाली की कळवते, आणि ईमेल माग. महिनाभरात मूठभर लोकांनीही दिला नाही तर तुझे चार शनिवार-रविवार वाचले. (पैसे आधी घेऊ नकोस, नोकरीवाल्या माणसाने तारखेचा शब्द देऊन पैसे घेणं म्हणजे डोक्याला ताप.) एक्सेलची आवृत्ती कुठली लागते ते मोठ्या अक्षरात लिही, एक्सलुकअप फॉर्म्युला जुन्या एक्सेलमध्ये चालत नाही हे तुला माहितीये पण घेणाऱ्याला नाही, आणि पैसे परत मागणारी पहिली ईमेल त्याचीच येते. विकायला असा प्लॅटफॉर्म बघ जो स्वतः विक्रेता म्हणून उभा राहतो आणि देशोदेशीचा डिजिटल वस्तूंवरचा कर तोच कापून भरतो, फी जरा जास्त गेली तरी चालेल, तुझ्या आठ तासांत ते कागद बसत नाहीत.

कोर्सबद्दल मी तुला नाही म्हणत नाहीये, आत्ता नाही म्हणतेय. टेम्प्लेट विकून तुला कळेल की पैसे देणारा माणूस नेमका कोण आहे, तोपर्यंत तू जो कोर्स बनवशील तो "एक्सेल शून्यापासून" असा बनवशील आणि तसले ढिगाने आहेत, फुकटसुद्धा. आणि एखाद्या मोठ्या कोर्सच्या बाजारात ठेवायचा विचार असेल तर तिथली वाटणी नीट वाच. यूडेमीवर तू तुझ्या लिंकने आणलेल्या विक्रीत जवळपास सगळं, ९७ टक्के, तुझं असतं आणि त्यांनी आणलेल्या ग्राहकामागे तुला ३७ टक्के मिळतात. सब्स्क्रिप्शनवाल्यांकडून येणाऱ्या पैशातला शिक्षकांचा एकूण वाटा तर आधी २५ टक्के होता, तो २०२४मध्ये २० वर आणला आणि २०२६पर्यंत १५ वर नेणार असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. त्यांचं चुकलं असं म्हणत नाहीये, ग्राहक ते आणतात. पण तुझ्या शीटमधला "दर कोण ठरवतं" हा कॉलम आठव.

मेंबरशिप नको. नोकरी आहे तोवर तरी नको. इन्स्टाग्रामही नको, तो कमाईचा मार्गच नाहीये, ते आणखी एक काम आहे ज्यातून कदाचित कमाईच्या मार्गाकडे माणसं येतील. त्यापेक्षा यूट्यूब तुझ्याकडे आधीच आहे, तिथे लोक शोधून येतात आणि जुना व्हिडिओ वर्षानुवर्षं चालतो, शीट उभी करून दाखवण्याचे व्हिडिओ तिथे टाक आणि वर्णनात साइटऐवजी ईमेलवाल्या शीटची लिंक दे. जाहिरातीचे पैसे तिथून थोडेच येऊ देत, पण शीटच्या दुसऱ्या कॉलममध्ये एक नवीन नाव येईल ना, ते हवंय. स्पॉन्सरशिपचं तू विचारलं नाहीस, पण तू ज्या सॉफ्टवेअरच्या अफिलिएट लिंक देतेस त्यातल्या ज्याची विक्री तुझ्याकडून नीट होते त्याला सरळ ईमेल करून दर वाढवून माग. कितीतरी लोक हे विचारतच नाहीत. एक ईमेल, पंधरा मिनिटं, आणि झालं तर बाकी काही न करता १५ टक्क्यांची ती ओळ वर सरकते.

एका वेळी एकच नवीन गोष्ट, आणि ती सुरू करायच्या आधीच लिहून ठेव की अमुक तारखेपर्यंत तमुक झालं नाही तर बंद. नंतर ठरवू म्हटलं की नंतर आपण स्वतःलाच पटवतो, अजून एक महिना, अजून एक महिना. चार महिने पुरे आहेत टेम्प्लेटसाठी. मुदत ठरवताना ती डिसेंबर-जानेवारीत संपणार नाही असं बघ, नाहीतर परत ऋतू मोजत बसशील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाच, जाहिरातीपर्यंत कोणी काही बोलत नाही पण कोर्सवर तुझं नाव आणि फोटो आला की लोकांना दिसतं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवलेली शीट विकू नकोस, ती कोणाची हा वाद तुला नकोय. साइटच्या पैशांचं बँक खातं वेगळं ठेव. वेगवेगळ्या कमाईवर कर वेगवेगळा लागू शकतो, तुझ्या हिशेबनीसाला विक्री सुरू व्हायच्या आधी विचार, नंतर नाही. आणि पैसे हातात येण्याचा उशीर शीटमध्ये खरंच लिही, अॅडसेन्सचे, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे, पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, अॅमेझॉनच्या अफिलिएटचे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी, म्हणजे तुझी जानेवारीची घसरण खात्यात कधी दिसणार ते एकेकाचं वेगळं आहे.

राहिलं नोकरी सोडण्याचं. डिसेंबरमध्ये असं वाटतं की आता सोडावी आणि जानेवारीत वाटतं की कधीच सोडता येणार नाही, दोन्ही महिन्यांचं ऐकू नकोस. मागच्या बारा महिन्यांतले सगळ्यात वाईट तीन महिने घे, त्यांची सरासरी काढ, त्यात तुझा खर्च भागतो का बघ. मग त्याच शीटमध्ये गूगलवरून येणाऱ्या सगळ्या ओळी शून्य करून बघ आणि उरतं त्यात निदान निम्मा खर्च निघतो का, शिवाय सहा-आठ महिने पुरतील इतके पैसे बाजूला आहेत का. आज दुसऱ्या हिशेबाचं उत्तर जवळपास शून्य येईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पगार चालू आहे तोवर ते शून्य परवडतं. न्यूजलेटरची आणि टेम्प्लेटची ओळ त्या शीटमध्ये आली आणि दोन जानेवारी पार करून टिकली की मला परत लिही, तेव्हा राजीनाम्याचं बोलू. आत्ता या आठवड्याचे आठ तास आहेत ना, त्यातले दोन सर्च कन्सोलला दे आणि बाकीच्यात ती ईमेलवाली पहिली शीट लाव.